पल्टणीची वस्तू, घरची वस्तू

आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात एक पितळी नळकांडं असायचं. सव्वा वीत उंच, तोंडातून मूठ जेमतेम आत जाईल एवढं रुंद, अंगभर ठोक्याची वेलबुट्टी. आजी त्यात मोरपिसं खोचून ठेवायची. दिवाळीत इतर भांड्यांबरोबर तेही चिंच लावून घासलं जायचं. घर रंगवायला काढलं तेव्हा जुन्या तपेल्या-घंगाळांसोबत तेही मोडीच्या ढिगात गेलं. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका भांड्याच्या दुकानात ते तराजूवर आडवं पडलं, तेव्हा त्याचं बूड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मधोमध बुचासारखी गोल चकती, भोवती ठोकलेली इंग्रजी अक्षरं, एक बाणाची खूण, १८ हा आकडा आणि खाली १९१६. दुकानदारानं अंगठ्यानं काजळी पुसली आणि म्हणाला, "हे भांडं न्हाई की ओ."

अठरा पौंडी तोफेच्या गोळ्याची ती मागची नळी होती. गोळा पुढं जातो, ही तोफेच्या तोंडाऐवजी बुडातून बाहेर पडते. महायुद्धात अशा नळ्यांचे अक्षरशः डोंगर साचत. त्या परत कारखान्यात जायच्या, पुन्हा भरल्या जायच्या. त्यातल्या काही जवानांच्या हातात उरल्या आणि त्यांनी त्या ठोकून, कोरून घरी आणल्या. पणजोबा 'बसऱ्याला होते', म्हणजे आजच्या इराकात, एवढंच आमच्या घरात ठाऊक. बसरा म्हटलं की लोकांना मोती आठवतात. आमच्याकडे बसऱ्याहून आलं ते हे.

बाकीची मोड घातली, नळकांडं पिशवीत टाकून परत आणलं. त्या संध्याकाळी गल्लीतल्या सुभेदारकाकांना दाखवलं. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, तिचं केंद्र बेळगावला. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, बूड वाचलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "बेळगावला देऊन टाक. पल्टणीची वस्तू पल्टणीत गेली पाहिजे."

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. हा वाद आमच्या दोघांपुरता नाही, म्हणून हे लिहितोय. सोलापूर, मोहोळ, बार्शी, माळशिरस, कुठल्याही तालुक्यात माजी सैनिकाच्या घरी माळ्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली एक काळी पत्र्याची पेटी असते. पेटीत काय काय असतं हे घरच्या मंडळींनाही पुरतं माहीत नसतं. ज्यांची पेटी ते गेले की पोरं ती उघडतात, पदकं ठेवतात, पेन्शनचे कागद ठेवतात आणि बाकीचं काढून टाकतात. त्या 'बाकीच्या'चं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. रेजिमेंटच्या संग्रहालयाला द्यावं, शहरात एखादं दालन उभारावं, की घरीच राहू द्यावं? माझं उत्तर काकांना पटत नाही. वस्तू कुठंही ठेवा, आधी तिच्यासोबत माणसाची नोंद करा. नोंदीशिवाय बेळगावच्या कपाटात गेलेलं आमचं नळकांडं मोडीत गेल्यासारखंच आहे, फक्त जरा सन्मानानं.

जिंकून आणलेल्या वस्तूंचं आपल्याला भारी कौतुक, आणि ते समजण्यासारखं आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा इकडं आल्या. कुणी ती मेणवलीला बांधली, कुणी भीमाशंकरला, एक नाशकात गोदेकाठच्या रामेश्वराच्या देवळात लागली. त्या देवळाला लोक नारोशंकराचं देऊळ म्हणतात, आणि आवाज चढवून बोलणाऱ्या बाईला अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. बार्शीच्या पलीकडं परांड्याच्या किल्ल्यात एक तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली. १६३२मध्ये आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. तीच मुलूखमैदान तोफ. धडाडणाऱ्या वक्त्याला आपण हेच नाव देतो. मराठीनं या दोन लुटीच्या वस्तू अशा पोटात घेतल्या की त्या कुणाकडून आणल्या हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. पणजोबांच्या नळकांड्यावरून मात्र कुठलाही वाक्प्रचार निघालेला नाही.

मुलूखमैदानचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८५४ साली विजापुरातला निरुपयोगी सरकारी माल विकून टाका असा वरून हुकूम आला आणि तोफेचा लिलाव झाला. बोली आली १५० रुपयांची. किंमत फारच कमी वाटल्यामुळं कागद वर गेले, कुणी तरी विरोध केला आणि विक्री रद्द झाली. ५५ टनांच्या, जगप्रसिद्ध म्हणाव्या अशा तोफेची ही कथा. आमचं नळकांडं तर पिशवीत मावतं.

सुभेदारकाकांचं म्हणणं मी थोडक्यात उडवून लावत नाही. त्यांच्या रेजिमेंटचा इतिहास १७६८पासूनचा आहे. बेळगावचं केंद्र शंभर वर्षांहून जुनं आहे. जगाच्या पाठीवर फिरलेल्या पल्टणीनं आपल्या वस्तू एका छपराखाली ठेवल्या तर रंगरूट पोरांना त्या दिसतात, त्यांच्या छातीत काही तरी हलतं. हे मला मान्य आहे. पण रेजिमेंटचं संग्रहालय रेजिमेंटची गोष्ट सांगतं, आणि त्या गोष्टीत लढाई आधी येते, मग बटालियन, मग अधिकारी, मग पदक मिळवणारा. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची नावं तिथं असणार आणि असायलाच हवीत. मेसमधली चांदी, कप, ढाली यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चोख असतात, कोणत्या साहेबानं कधी दिली तेही कोरलेलं असतं. ज्यानं हातात हातोडी घेऊन पितळेवर वेल काढली त्या शिपायाचं नाव लिहायला त्या रचनेत जागाच नाही. तिथं फार तर चिठ्ठी लागेल, 'तोफगोळ्याचे नळकांडे, मेसोपोटेमिया, पहिले महायुद्ध'. आणि गाव?

नावं गाळण्याची ही सवय जुनी आहे आणि तिचा सर्वांत मोठा दाखला बसऱ्यालाच आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी १९२९ साली तिथं स्मारक उभं राहिलं. गोऱ्या शिपायाचं नाव त्यावर कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं कोरली. हिंदी शिपाई मात्र आकड्यात मोजले. अमुक पल्टण, इतके शिपाई. असे ३३ हजारांहून अधिक. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं आपल्या अहवालात ही वागणूक चुकीची असल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली. इकडं आपल्या गावोगावी त्याच काळात संगमरवरी पाट्या बसल्या. 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत.' साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा आकडा ४६, तो महाराष्ट्रात पुष्कळांना पाठ आहे. शेहेचाळीस कोण, हे त्या गावालाच विचारावं लागतं.

त्याच सरकारनं मेलेल्यांच्या घरी काशाची एक गोल चकती पाठवली होती, सुमारे १२ सेंटिमीटरची. तीवर मृताचं नाव, आणि मुद्दाम हुद्दा नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे म्हणून. अशा चकत्या हिंदुस्थानातल्या घरांतही आल्या. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नसेल तर ती झाकणी म्हणूनही वापरली गेली असेल आणि मोडीतही. दगडावर आकडा आणि काशावर नाव. एकाच साम्राज्याचे दोन कारभार, आणि त्यातलं वितळून जाण्याजोगं होतं ते फक्त नाव.

म्हणून हातची वस्तू मला ट्रॉफीपेक्षा मोलाची वाटते. ती भोळेपणानं मात्र बघू नये. 'जवानानं खंदकात बसून केलेली' असं ज्याला म्हणतात त्यातलं बरंचसं खंदकात झालेलं नसतं. पितळेच्या नळीवर ठोक्याचं काम करायचं तर आधी ती लाल होईस्तोवर तापवून मऊ करावी लागते, नाही तर फुटते. मग आत राळ किंवा शिसं ओतून भरावी लागते, म्हणजे ठोका बसला तरी नळी चेपत नाही. शेवटी भरण वितळवून काढायचं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे सांगावं लागणार नाही. पण गोळे डोक्यावरून जात असताना हे कुणी करत नाही. हे काम व्हायचं पिछाडीच्या वर्कशॉपमध्ये, लोहार-फिटर शिपायांच्या हातून, इस्पितळात पडून राहिलेल्यांच्या हातून, कैद्यांच्या छावण्यांत, आणि बऱ्याचदा गावातल्या बाजारात पैसे घेऊन. इराकमधल्या अमारा गावचे मंदाई पंथाचे सोनार चांदीच्या सिगारेटपेट्यांवर काळी नक्षी भरून द्यायचे. होड्या, खजुराची झाडं, टेसिफोनची जुनी कमान. कितीतरी फौजी त्या विकत घेऊन घरी आले. सिगारेटपेटी त्यामुळं खोटी ठरत नाही. फक्त तिच्या चिठ्ठीवर सैनिकाच्या नावाशेजारी सोनाराचीही जागा हवी.

आमच्या नळकांड्याची वेल पणजोबांनीच काढली का? मला ठाऊक नाही. आजी म्हणायची, "त्येनीच केलंय." एवढाच पुरावा. तो पुरावा कसा लिहायचा हेही ठरलेलं आहे. 'घरची माणसं सांगतात' असं लिहायचं, आणि कोण सांगतं, कधी सांगितलं तेही. लंडनच्या संग्रहालयाला जे जमलं ते आपल्याला जमू नये? २०२४ साली साताऱ्यात वाघनखं आली तेव्हा ज्यांच्याकडून ती आली त्या संग्रहालयानंच म्हटलं होतं की ती अफझलखानाच्या वधात वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही. आपल्याकडं त्यावर रान पेटलं. मला तर ते वाक्य चोख हिशेबासारखं वाटलं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना सोडवून आणली. आणली ते उत्तमच झालं. पण जी वस्तू परदेशी गेली ती परत आणायला सरकार धावतं, आणि जी माळ्यावर आहे तिची साधी यादी कुणाकडं नाही.

पेटीतल्या काही वस्तूंकडं बघताना अवघडायला होतं, तेही लिहायला हवं. एका घरात, १९७१च्या लढाईतून आलेलं चामड्याचं एक पाकीट मी पाहिलं. आत एका लहान मुलीचा फोटो, मागं उर्दूत दोन ओळी. ज्यांनी ते आणलं ते आता नाहीत. कशा अवस्थेत मिळालं हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पन्नासेक वर्षांत त्या दोन ओळी कुणाकडून वाचून घेतलेल्या नव्हत्या. सोलापुरात उर्दू वाचणारा माणूस हवा तर एखादी गल्ली ओलांडली की झालं, पण ती गल्ली ओलांडली गेली नव्हती. हे पाकीट संग्रहालयात 'शत्रूकडून हस्तगत' अशा पाटीखाली ठेवायचं का? दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिक घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या सह्या असलेला झेंडा अंगावर बाळगायचे. जिंकणाऱ्यांनी ते आठवण म्हणून उचलले. आज त्यातले काही झेंडे जपानमध्ये त्या त्या घरी परत पोचतायत, कारण त्यांवर नावं आहेत. आपल्याला आपल्या शिपायाचं नाव हवं असेल तर त्या फोटोतल्या मुलीचंही वाचून घ्यायला लागेल. काकांना हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्यात पण असलं कुणी आवडीनं दाखवत नाही."

आता जागेचं बोलू. काकांचं बेळगाव आमच्या नळकांड्यापुरतं ठीक आहे. सोलापूरहून विजापूरमार्गे पाच-सहा तास, फाटकावर ओळखपत्र, शक्यतो आधी परवानगी. पण या जिल्ह्यातली सगळी माणसं मराठा रेजिमेंटमध्ये नव्हती. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, खडकीला. तोफखान्यात गेलेल्यांचं घरटं नाशिकरोडला. रणगाड्यातले गेले अहिल्यानगरला, जिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४पासून आहे आणि जिथं पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन रणगाडा पोरं टकामका बघतात. शेजारच्या तीन घरांतल्या तीन भावांच्या पेट्या 'पल्टणीची वस्तू पल्टणीत' या न्यायानं वाटल्या तर त्या तीन राज्यांत जातील, आणि गावाच्या वाट्याला येईल चौकातला एक पुतळा. वस्तूचा पल्टणीशी असतो तसा गावाशीही संबंध असतो. पेटीवर सैन्याचा नंबर आहे खरा, पण आत आईनं दिलेला अंगारा आहे, आणि तो तुळजापूरचा आहे.

'सोलापूर काही मिलिटरीचं गाव नाही' असं कुणी म्हणेल. गिरण्यांचं, चादरींचं, हुतात्म्यांचं गाव. खरंच आहे ते. १९३० साली इथं मार्शल लॉ लागला, राष्ट्रीय झेंडा मिरवणं हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. ते मार्शल लॉचे दिवस आजी मी लहान असताना सांगायची. मिलिटरी म्हणजे तेव्हा रस्त्यावर बंदूक घेऊन उभा माणूस. घरी दाराआड मात्र मिलिटरीतून आलेलं नळकांडं, त्यात मोरपिसं. ही दोन्ही चित्रं सोलापुरात एकाच घरात राहिली, त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं नाही. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ला चीनला गेले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात ३२व्या वर्षी तिथंच वारले. त्यांचं स्मारक शहरात आहे. त्यांनी बंदूक चालवली नाही, पण युद्धात गेलेल्या सोलापूरकराची आठवण कशी जपायची ते गावाला आधीपासून जमतंय. तेव्हा गाव मिलिटरीचं नाही ही सबब चालणार नाही.

मला नवी इमारत नको आहे. इमारत म्हटली की निविदा आली, उद्घाटन आलं, आणि दोन वर्षांनी कुलूप आलं. हवी आहे ती वही. माजी सैनिकांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं असतेच. घरी जायचं, पेटी उघडायला सांगायचं, आणि बसायचं. वस्तूचा फोटो, तिच्या बुडाचाही फोटो, कारण खरी माहिती बहुतेकदा बुडाला असते. वजन, मापं. मग गोष्ट. कुणाची, कुठून, कशी आली, सांगणारा कोण. जी भाषा त्या घरात बोलतात त्याच भाषेत ध्वनिमुद्रण, मग ती मराठी असो, कन्नड असो, तेलुगू किंवा दखनी. ही गोष्ट मराठीत 'सुधारून' लिहायची नाही. वस्तू घरी राहते. घरच्यांना ती बेळगावला किंवा सागरला द्यायची असेल तर त्या पानाची प्रत सोबत जाते आणि पोचपावती मिळते. एवढं झालं तर वस्तू सुटली तरी माणूस सुटत नाही. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षं पुरी झाली की कायद्यानं पुरावस्तू ठरते, १९७२चा कायदा तसं सांगतो. म्हणजे पहिल्या महायुद्धातून आलेलं असलं सगळं आता त्या रेषेपलीकडं गेलंय आणि देशाबाहेर परस्पर विकता येत नाही. मोडीत मात्र ते आजही बिनबोभाट जातं. तिथं अडवायला कायदा पोचत नाही, पोचतो तो दुकानदाराचा अंगठाच.

लोक खोटं सांगतील, असा एक आक्षेप येईल. सांगतीलच. प्रत्येक घरात एक तरी आजोबा जनरलच्या गाडीचे ड्रायव्हर निघतील. त्याला इलाज आहे. सांगितलं तेवढं 'सांगितलं' म्हणून लिहायचं, पाहिलं तेवढं 'पाहिलं' म्हणून. आणि निवृत्तीच्या वेळी युनिटनं दिलेले ते लाकडी ढालीवरचे पितळी बिल्ले, ज्यांना सगळे मेमेंटो म्हणतात? ते छावणीच्या दुकानातून घाऊक येतात, एकसारखे. त्यांचं मला विशेष नाही. तरी त्यांवर कोरलेला नंबर, हुद्दा आणि 'अमुक ते अमुक साल' लिहून घ्या. कित्येकदा तेवढाच लेखी पुरावा असतो.

हे सगळं मी काकांना वही उघडून दाखवलं. पहिलं पान आमच्या नळकांड्याचं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, 'मालकाचे गाव' या रकान्यावर बोट ठेवलं, मान हलवली. मग म्हणाले, "चल, आत ये."

त्यांचं देवघर मी कैक वेळा पाहिलंय. सागवानी वाटावा असा देव्हारा, दोन खांब, वर छोटा कळस, रंग अगदी व्यवस्थित. काकांनी देव बाजूला घेतले, देव्हारा भिंतीपासून हळूच ओढला आणि मागची बाजू माझ्याकडं केली. मागच्या फळीला रंग नव्हता. तिच्यावर अर्धवट कापलेली स्टेन्सिलची काळी अक्षरं होती, एक आकडा आणि एका सालाचे शेवटचे दोन अंक.

"दारूगोळ्याच्या पेटीच्या फळ्या," काका म्हणाले. "वरती बर्फात होतो तेव्हा. चार महिने लागले. हातात फक्त एक करवत होती, तीही मोडकी."

मी वही पुढं केली. दुसरं पान.

"फोटो काढ," ते म्हणाले. "गोष्ट पण लिही. नाव नको घालूस. रिकाम्या पेट्यांचा हिशेब अजून कुणी मागेल."

मी नावाच्या रकान्यात काय लिहावं या विचारात असताना काकूंनी देव परत आत ठेवले आणि देव्हारा भिंतीला लावून टाकला.